मेंढ्यांच्या स्टेशनचे मास्तर

मास्तर,

तुम्ही गेलात हे मला कळलं तेव्हा तुम्हाला पुरून महिना उलटून गेला होता. तिकडून पत्र यायला दिवस लागतातच, त्यात कुणाची चूक नाही. शनिवारी दुपारी पोस्टमन पाकीट टाकून गेला. तिकीट तुमच्या ऑस्ट्रेलियाचं, पण अक्षर तुमचं नाही. मी तिथंच दारात स्टुलावर बसलो. शैला, माझी बायको, आतून म्हणाली, "कुणाचं आलंय हो?" मी म्हटलं, "मास्तरांचं नाही."

आमच्या मुलीचं, सुजाताचं, ऑफिस शनिवारी अर्धा दिवस असतं. ती आली, हातपाय धुतले आणि पत्र वाचायला बसली, नेहमीसारखं, एक वाक्य इंग्रजीत आणि मग आमच्यासाठी मराठीत. तुमची बायको मार्गारेट लिहिते, की तुम्ही सकाळी कुंपणाच्या तारा ओढायला गेलात ते जेवायला परत आलाच नाहीत. छातीत कळ आली असणार, फार हाल झाले नाहीत. तुमची जेन आली होती. पण फाटकापाशीच उभी राहिली, बापाच्या कबरीजवळ गेली नाही. आणि मग मार्गारेटनं मला एक विचारलंय. 'सहा वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात त्याने तुम्हाला एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. इथे घरात तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. माझ्याशी नाही, जेनशी तर नाहीच. तुम्ही ते ठेवलं असेल, तर त्यात काय होतं ते मला कळवाल का?'

ठेवलंय, मास्तर. तुमची सगळीच पत्रं ठेवलीत, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. पण त्या पत्रात काय होतं ते मला परवाच्या शनिवारी पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलतोय. शैला म्हणते, तोंडानं पण बोलताय. म्हटलं, मग लिहूनच काढावं. मराठीत लिहितोय. तुम्हाला इंग्रजीत लिहून मी काय दिवे लावले ते आता दिसलंच आहे.

आपण एकमेकांना कधी पाहिलं नाही. तुम्ही तिकडे मेंढ्या राखणार आणि मी इकडे ठाण्याच्या लोकरीच्या मिलमध्ये सॉर्टिंगला. तुमच्याकडची लोकरीची गाठ फोडायची, लोकर टेबलावर पसरायची, बोटांनी चाचपून मऊ-भरड वेगळी करायची, काटेकुटे आणि सुतळीचे तुकडे वेचायचे. पंचवीस वर्षं हेच केलं. मेंढीच्या अंगचं तेल लोकरीत असतं, त्यानं हात इतके मऊ राहायचे की शैला चिडायची. "भांडी मी घासायची आणि हात तुमचे लोण्यासारखे!" आम्ही भाईंदरला, गोडदेव गावात राहायला आलो त्याच वर्षी एका गाठीतून चष्मा निघाला. जाड काळी फ्रेम, एका काडीला चिकटपट्टी. एवढी दाबून बांधलेली गाठ, समुद्र ओलांडून आलेली, आणि काचेला चरा नाही. सगळं खातं बघायला गोळा झालं. मुकादम म्हणाला, "फेक कचऱ्यात." मी म्हटलं, "अहो, कुणाचा तरी चष्मा आहे. तो बिचारा तिकडे चाचपडत बसला असेल."

गाठीच्या गोणपाटावर काळ्या शाईत नाव छापलेलं होतं. पहिला शब्द आम्हाला धड वाचता येईना. दुसरा मात्र लख्ख होता: स्टेशन. आता तुम्हीच सांगा, भाईंदरच्या माणसाला स्टेशन म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? घर स्टेशनपासून चालत किती मिनिटं, इथूनच आमच्याकडे माणसाची ओळख सुरू होते. सुजाता तेव्हा नववीत होती, इंग्रजीत वर्गात दुसरी. मी तिला म्हटलं, "ज्या स्टेशनात गाठ चढवली तिथल्या मास्तरला लिही. तो बरोबर शोधून काढेल." तिनं झोकात लिहिलं, 'टू, द स्टेशन मास्टर.' आत लिहिलं, की आपल्या स्टेशनात माल चढवताना कुणा हमालाचा चष्मा पडलेला दिसतो, तरी कृपया सर्व प्लॅटफॉर्मवर चौकशी करावी. चष्मा कापसात गुंडाळला, खोक्यात घातला, वर पांढरं कापड शिवलं, आणि पोस्टात दिला.

दोन महिन्यांनी तुमचं उत्तर आलं. इथे प्लॅटफॉर्म नाही, गाडी नाही, रेल्वे बघायची तर मोटारीनं तीन तास जावं लागतं. आमच्याकडे मेंढ्यांच्या मोठ्या रानालाच स्टेशन म्हणतात. हमाल मीच, चष्मा माझाच, आणि तो हरवल्यापासून मार्गारेट मला पेपर वाचून दाखवते आणि वाईट बातम्या गाळते. खाली सही, 'आपला, स्टेशन मास्तर'. सुजातानं हे वाचलं आणि लाजून तोंड उशीत खुपसलं. मी मात्र पोट धरून हसलो. आईशप्पत सांगतो, मिलमध्ये इतक्या वर्षांत एका साहेबानं माझ्याशी अशी मस्करी केली नव्हती. तेव्हापासून तुम्ही आमचे मास्तर. तुमचं खरं नाव शैलाला आजही सांगता येणार नाही.

मग पत्रं सुरूच झाली. तुम्ही लिहायचात, मी सांगायचो आणि सुजाता लिहायची. तुमचा सगळ्यात जवळचा शेजारी अकरा मैलांवर. मी कळवलं, की आमचा शेजारी खोकला तर शैला भिंतीपलीकडून विचारते, काढा देऊ का. तुमच्या पोरीची शाळा रेडिओवर, हे सुजाताला इतकं आवडलं की तिनं महिनाभर शाळेत जायला कुरकुर केली. मुलीचं नाव जेन. मी लिहिलं, आमच्याकडे घाटावरचे धनगर मेंढीच्या लोकरीची जाड सतरंजी करतात, तिला जेन म्हणतात, तुम्ही नाव अगदी धंद्याला शोभेल असं ठेवलंत. तुम्ही जेवणाच्या टेबलावर हे वाचून दाखवलंत आणि पोरगी चार दिवस फुगून बसली, असं मार्गारेटनं खाली दोन ओळींत लिहिलं होतं. माझी पत्रं तुम्ही सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचात, ते मला तेव्हाच कळलं. त्यानंतर मी जरा जपून सांगायला लागलो.

भांडणही झालं आपलं. आठवतं का? तुमच्या गाठीत काटे असायचे, आमच्या गोखरूसारखे, बोटात घुसले की ठणका लागायचा. मी तक्रार लिहिली. तुम्ही लिहिलंत, माझ्या रानात काटा नाही. नाही म्हणजे काय! माझ्या अंगठ्यातून रक्त येतंय आणि तुम्ही नाही म्हणताय. मी चार काटे कागदाला चिकटवून पाठवून दिले. तुमचं उत्तर आलं, हे काटे तुमच्या खिशातले आहेत. कसले हेकट होता हो तुम्ही! पुढच्या पत्रात मी परत पाठवले. हा वाद तीन वर्षं चालला आणि मिटला नाही तो नाहीच.

जेनबद्दल तुम्ही फार लिहायचात. आई मेलेली कोकरं तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवली, त्यांची पुढे पोरंबाळं झाली, आणि त्या साऱ्या मेंढ्यांवर तिची वेगळी खूण. सगळ्या कळपात उत्तम लोकर तिच्याच मेंढ्यांची. स्टेशन पुढे तीच चालवणार होती. मी विचारलं, लग्न झाल्यावर काय? तुम्ही लिहिलंत, मग नवऱ्याला इकडे राहायला यावं लागेल. सुजातानं ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघितलं.

आता त्या पत्राचं सांगतो.

ते आलं त्या वर्षी गोडदेवला जिकडे तिकडे डोझर फिरत होते. शेतात भराव टाकायचा, वर बिल्डिंग उभी करायची. आमची घरमालकीण गावातलीच, आगरी, तिला सगळे बाय म्हणायचे. एका सकाळी ती पेढ्यांचं ताट घेऊन दारात आली. "घे, पेढा घे. आमच्या शेतान डोझर आयलाय. आता भात लावाचा न्हाय, बिल्डिंग व्हनार हाय!" तिच्या दोन्ही पोरी सासरहून सह्या द्यायला आल्या होत्या. एक रुसली होती, शेत विकू नका म्हणत होती. बायनं दोघींना सोन्याचे कानातले केले आणि विषय मिटला. म्हणजे, मिटला असं आम्हाला वाटलं.

आणि पंधरा दिवसांत तुमचं पत्र. चार पानं, दोन्ही बाजूंनी, पेन्सिलनं, अक्षर कधी नव्हे ते गिचमिड. सुजाता बारावीत होती. आम्ही दोघं कॉटवर बसून अर्थ लावत होतो. तुम्ही लिहिलं होतं, लोकरीला भावच उरला नाही, कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही, चारा नाही. ते आम्हाला समजलं, आमच्या मिलमध्येही तोच बोलबाला होता, लोकर स्वस्त झाली म्हणून आम्हाला ओव्हरटाइम मिळत होता. पुढे, मंगळवारी डोझर आला. मग तुम्ही मेंढ्यांना, तुमच्या शब्दांत, पुट डाउन केलंत. सुजाता अडली. "खाली ठेवल्या? खाली नेल्या असतील बाबा, डोंगरावरून." मी म्हटलं, "बरोबर आहे. वरची जमीन डोझरला मोकळी करून दिली असणार." पुढे, 'दुसऱ्या कुणाला सांगणं योग्य वाटलं नाही, सगळं मी स्वतःच्या हातानं केलं.' मी शैलाला हाक मारून सांगितलं, बघ, या वयात स्वतः राबतो हा माणूस. मग तुम्ही लिहिलं होतं, 'जेन फाटकावर होती. तिच्या मेंढ्या आल्या तेव्हा ती थांबा म्हणाली. मी थांबलो नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.' आणि शेवटी, 'तुम्हाला मुलगी आहे. अशा वेळी मुलीला काय सांगायचं असतं?'

आम्हाला सगळं कसं नीट जुळत होतं बघा. डोझर म्हणजे भराव, भराव म्हणजे बिल्डिंग. जमीन विकली, पोरगी रुसली, बाप विचारतो आता हिची समजूत कशी काढू. अगदी बायच्या घरचीच कथा. मी मोठ्या आनंदात उत्तर सांगितलं आणि सुजातानं ते सुवाच्य अक्षरात उतरवलं. काय सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण मला त्या पत्राचा अभिमान वाटला होता. 'मास्तर, हार्दिक अभिनंदन. आमच्या गावीही डोझर आलेत, आम्ही पेढे खाल्ले, तुमच्या वाटचेही खाल्ले. मेंढ्या खाली सुखरूप असतील. जेन फाटकावर उभी राहिली, तिला माझ्याकडून शाबास सांगा. मुली समजून घेतात. तिची सही घ्या आणि तिला सोन्याचं काहीतरी करून द्या.'

हे मी तुम्हाला लिहिलं. तुमच्या बंदुकीची नळी थंड होऊन महिनाही झाला नसेल.

चार महिन्यांनी तुमच्या सहा ओळी आल्या. जेन शहरात गेली, तिला नोकरी लागली. इथे आता शांत आहे. सल्ल्याबद्दल आभारी आहे. सुजाताला परीक्षेसाठी शुभेच्छा. आपला, स्टेशन मास्तर. बस्स. माझी चूक झालीय याचा एक अक्षरानं उल्लेख नाही. त्यानंतर पत्रं नाहीत, फक्त नाताळचं कार्ड. आणि मी काय केलं? मी रुसलो. शैलाला म्हटलं, "जमिनीचा पैसा आला ना, आता कशाला हवाय गोडदेवचा हमाल." ती म्हणाली, "काहीतरीच बोलू नका, माणूस कार्ड तर पाठवतोय." पण मी पडलो रत्नागिरीचा, एकदा मनात आलं की आलं. शेवटच्या दोन कार्डांना मी उत्तरही पाठवलं नाही. तिसरं आलं नाही तेव्हा म्हटलं, बघ, सांगत नव्हतो?

परवा शनिवारी मार्गारेटच्या पत्राचं शेवटचं पान राहिलं होतं. तुमच्या कुत्रीचं, बेसचं. तुमच्यामागे ती खाईना, पिईना, फाटकाशी पडून राहायची, म्हातारीही झाली होती. शेवटी तिला पुट डाउन केलं आणि तुमच्या शेजारी पुरलं. सुजाता वाचता वाचता थांबली.

"काय गं?"

"कुत्रीला मारलं त्यांनी. म्हणजे औषध देऊन. हाल नकोत म्हणून."

"असं कुठं लिहिलंय?"

"पुट डाउन म्हणजे तेच, बाबा. जनावराच्या बाबतीत तेच म्हणतात."

मला अजून काही लागलं नव्हतं. मी आपला कुत्रीचाच विचार करत होतो. सुजाताचा चेहरा मात्र पांढरा पडला. ऑफिसात रोज इंग्रजीत काम करणारी मुलगी, तिला माझ्या आधी आठवलं. ती हळू म्हणाली, "बाबा, डबा काढा."

तेच पत्र आम्ही परत वाचलं, मास्तर. तेच शब्द, तीच पेन्सिल. डोझर आला तो खड्डा खणायला. तसं लिहिलंच होतं तुम्ही, जुन्या तळ्यापाशी दोन दिवस खणलं म्हणून, आम्ही म्हटलं पाया खणला असेल. सगळं स्वतःच्या हातानं केलं म्हणजे काय केलं, ते आता वाचवेना. जेन फाटकावर होती म्हणजे ती एकेक मेंढी आत सोडत होती. तिनं बाटलीनं वाढवलेल्या मेंढ्या आल्या, त्या तर तिला ओळखून तिच्याकडेच वळल्या असतील. ती थांबा म्हणाली. एक पूर्ण परिच्छेद तर आम्ही तेव्हा अक्षर लागत नाही म्हणून सोडून दिला होता. तो परवा सुजातानं खिडकीशी धरून लावला. 'मी थांबलो असतो तर मला पुन्हा सुरू करता आलं नसतं, आणि अर्धवट सोडणं त्या जनावरांवर जास्त अन्याय होता. हे तिला सांगायला जातो आणि माझी जीभ उचलत नाही. तिच्या मेंढ्यांसाठी मला मरेपर्यंत वाईट वाटत राहील. हे मी तुम्हाला सांगतोय, कारण आमची लोकर रोज तुमच्या हातात असते.'

सुजाता रडायला लागली. "मीच चुकीचं सांगितलं. माझ्यामुळे झालं." मी म्हटलं, "गप. तू सतरा वर्षांची होतीस. डिक्शनरी बघ म्हणून सांगायला मी होतो ना? मला उत्तर पाठवायची घाई. शहाणपणा शिकवायची हौस." हे खरंच आहे. सोन्याचं काहीतरी करून द्या! मला त्या वाक्याची इतकी लाज वाटते की आज आरशात बघून दाढी करता आली नाही.

आणि तुमचा रागही येतो, हे कबूल करतो. तुम्ही तरी का सांगितलं नाहीत? एवढंसं लिहायचं होतं, मूर्खा, तू काय बोलतोयस, मी मेंढ्या मारल्यात. काट्यांवरून तीन वर्षं भांडलात, तेव्हा नाही गप्प बसलात! मार्गारेट लिहिते, की माझं ते पत्र तेवढं तुम्ही टेबलावर वाचून दाखवलं नाहीत. वाचलंत, घडी घातलीत आणि खिशात ठेवून बाहेर गेलात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं, की या माणसाला काही समजलेलं नाही. तरी माझे पेढे तुम्ही गिळलेत, वर आभार मानलेत, पोरीला परीक्षेसाठी शुभेच्छा दिल्यात. मला आणि सुजाताला खजील करायचं नव्हतं तुम्हाला. इतकं जपलंत आम्हाला. आणि मी म्हणत होतो, पैशानं माणूस माजला.

त्या वर्षीची तुमची शेवटची गाठही माझ्याच टेबलावर आली असेल का, हे मी कालपासून आठवतोय. आली असणार. जिच्या अंगावरची लोकर मी चाचपली ती मेंढी तेव्हा खड्ड्यात होती, आणि मी शेजारच्या टेबलावरच्याला म्हणालो असेन, बघ, मास्तरांची लोकर, हात लावून बघ. मला तेव्हा फार मिरवायची सवय होती.

मार्गारेटला काय कळवायचं, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. शैला म्हणाली, "कशाला उकरून काढताय? माणूस गेला. लिहा, पत्र सापडत नाही." खरं सांगतो, एक क्षण मलाही ते बरं वाटलं. मग कुणाला काहीच कळलं नसतं. मी किती गाढव ते माझ्या घरातच राहिलं असतं. पण सुजाता म्हणाली, "आई, ते पत्र आपलं नाहीच आहे. ते जेनचं आहे." शैला उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली.

मेंढ्या कशा गेल्या ते मार्गारेटला ठाऊकच आहे, ती तिथंच होती. तुम्हाला काय झालं ते तिला ठाऊक नाही. आणि जेनला तर वाटतंय, बापानं ऐकलं नाही आणि बापाला काही वाटलंही नाही. सहा वर्षं ती हे घेऊन फिरतेय. तुमच्या कबरीपाशीसुद्धा आली नाही. तुम्हाला वाटलं होतं ते सगळं लिहिलेलं आहे, तारखेसकट, तिनं घर सोडण्याच्या आधीचं, आणि ते पडलंय कुठं, तर गोडदेवला माझ्या कपाटात, शैलाच्या लग्नातल्या शालूखाली.

तुम्ही मला विचारलं होतं, मुलीला काय सांगायचं असतं. मला तेव्हा समजलं असतं तरी मी काही मोठं सांगितलं नसतं. मी काय सांगणार, डोंबल? मी लोकर वेचणारा माणूस. पण एवढं नक्की म्हटलं असतं, की मास्तर, दुसरं काही शोधू नका, मला लिहिलंत तेच पान उचला आणि तिच्या हातात द्या. जीभ उचलत नाही तर कागद द्या. ती तेव्हा घरातच होती हो. चार महिने घरातच होती.

आज केबिन रोडला जाऊन झेरॉक्स काढून घेतली, तीही जमली तशी, पेन्सिल फिकी उठते. झेरॉक्स माझ्याकडे, मूळ पत्र जेनला. माझं तुम्हाला गेलेलं उत्तर मार्गारेटकडे असेल तर तेही तिनं जेनला दाखवावं, असं लिहिलंय. माझी लाज राहो न राहो. पोस्टात खिडकीवरच्या माणसानं वजन करताना विचारलं, "अंदर क्या है, काका? डॉक्युमेंट?" मी म्हटलं, "चिठ्ठी है. किसी और की." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तिकिटं काढून दिली.

सोबत जेनला माझं पत्रही आहे. सुजातानं आधी छान इंग्रजीत दीड पान लिहून आणलं होतं, सहानुभूती आणि काय काय. मी म्हटलं, फाड ते. मी सांगतो तेवढंच लिही, आणि प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघून लिही. तिनं सगळं बघून लिहिलं. मग पेन धरून म्हणाली, "शेवटी काय लिहू?"

मी म्हटलं, लिही, जेन, तुझे वडील गप्प बसले नव्हते. ते बोलले होते. ऐकायला मी होतो, आणि मला इंग्रजी येत नव्हतं.